सेल्फी पॉइंट झाला, आता तलावाच्या पाळीचंही पाहा

रविवार आला की माझं डोकं फिरतं. सकाळी नऊपासून आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, गाड्या लागतात. पाळीखाली नाही, पाळीवर! जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढा तो मातीचा माथा. त्यावर चारचाकी चढवायची, तिथंच वळवायची, डिकी उघडून गाणी लावायची. खाली माझ्या धानाच्या बांध्या आहेत. गाडी मागे घेताना सुटलेला मुरूम घरंगळत माझ्या धुऱ्यावर येतो. बोललो तर पोरं म्हणतात, "काकाजी, एन्जॉय करू द्या ना जी."

करा बाप्पा. पण कशावर उभे राहून नाचता, ते तरी पाहा.

मालगुजारीच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळातला तलाव आहे हा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो आहेत, बरेचसे कोहळी लोकांनी बांधलेले. ना सिमेंट, ना इंजिनिअर. माती, मुरूम, दगड आणि पाण्याची जाण, बस. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्या नावाला 'माजी' चिकटलं. माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव. भाचे ढीगभर, पण मामाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की सगळे शेतावर गेलेले असतात.

मग निघालं सुशोभीकरण. पाळीवर बाकडी आली, पेव्हिंग ब्लॉक आले, एक छत्री आली. आणि गावाच्या नावाची ती लाल लोखंडी अक्षरं, पुढे 'आय लव्ह' आणि बदाम. ती अक्षरं वाऱ्यानं पडू नयेत म्हणून जेसीबीनं पाळीत खड्डे खणले आणि त्यात काँक्रीट ओतलं. शंभरेक वर्षं दबून घट्ट झालेली माती उकरली की पुन्हा तशी बसत नाही हो. पहिल्याच पावसाळ्यात काँक्रीटच्या कडेनं भेग पडली. माझी चार बोटं आत जातात.

सूर्यास्त नीट दिसावा म्हणून पाळीवरची बाभळीची झाडं कापली. तशी पाळीवर मोठी झाडं असूच नयेत, हे मलाही कळतं. पण वरून कापून मुळं आत सडत ठेवली तर त्या जागी पोकळ नळ्या तयार होतात, पाण्याला आयती वाट. घुशी आहेतच. आतल्या अंगाचं दगडी पिचिंग, म्हणजे माती धुपू नये म्हणून लावलेला दगडांचा थर, तर केव्हाच गेलं. खोटं कशाला बोलू, त्यातले दोन-चार दगड आमच्या गोठ्याच्या पायातही आहेत.

पण हे सगळं एकवेळ सोडा. माझं टाळकं सरकलं ते सांडव्यावरून, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेवरून. बोटिंग सुरू केलं ना! होळीपर्यंत पाणी उतरतं, बोटी चिखलात बसतात. मग यांनी काय करावं? सांडव्यावर विटांची भिंत रचली, वरून रेतीची पोती. का, तर पाणी जास्त थांबलं पाहिजे. अरे, सांडवा पाळीपेक्षा चार हात खाली ठेवला होता तो काय म्हाताऱ्यांना विटा परवडत नव्हत्या म्हणून? मातीची पाळ छातीवर पाणी झेलते, डोक्यावरून गेलं की संपली. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर एखादवेळ निभावतं. मातीवरून गेलं की धार माती कापते, खाच रुंदावते, आणि काही तासांत अख्खा तलाव खालच्या गावात. त्या चार हातांतले दोन हात यांनी बोटींसाठी खाऊन टाकले.

त्यात तुडुमाच्या, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या दाराच्या, उजव्या अंगाला पाळीच्या पायथ्याशी ओल दिसायला लागली. मातीच्या पाळीतून थोडं पाणी झिरपतंच, त्याचं काही नाही. पाणी नितळ असलं तर झोपा निवांत. गढूळ आलं तर ते पाळीच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडतंय. म्हणून मी रोज सकाळी तिथलं पाणी बिसलेरीच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवतो, वर तारखेची चिठ्ठी. पोळ्यापर्यंत बाटल्या स्वच्छ. त्यानंतरच्या बाटल्यांच्या बुडाशी पिवळसर गाळाचा थर बसतो, आधी कागदाएवढा, आता नखाएवढा.

अशा तीन बाटल्या घेऊन तालुक्याच्या हापिसात गेलो. टेबलावरचा बाबू बाटलीकडे पाहून म्हणतो, "पिण्याच्या पाण्याची तपासणी इथं होत नाही. आरोग्य विभागात जा."

अजी, हे प्यायचं पाणी नाही, हे आमचं मरण आहे! असं ओरडायचं होतं. ओरडलो नाही. अर्ज दिला, पोच घेतली. पुढे ग्रामपंचायत म्हणते तलाव जिल्हा परिषदेचा, ते म्हणतात सुशोभीकरण आम्ही केलं नाही, आणि बोटवाला म्हणतो माझा करार फक्त पाण्याचा, पाळीचा नाही.

म्हटलं, २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे ना. पुतण्यानं मोबाईलवर वाचून दाखवला. तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना. दहा ते पंधरा मीटरचं असेल तर लांबी, साठा वगैरे अटींत बसायला पाहिजे. आमची पाळ सहा मीटरही भरायची नाही. म्हणजे मोठ्या धरणाखाली बुडालो तर कायद्यानं, मामा तलावाखाली बुडालो तर आपल्या नशिबानं.

चिपळूणजवळचं तिवरे धरण आठवतं? २ जुलै २०१९ ची रात्र. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीच केल्या होत्या. धरण फुटलं, घरं आणि माणसं वाहून गेली, आणि मंत्रिमहोदय बोलले की खेकड्यांनी पोखरलं. आमच्याकडे खेकडे भरपूर आहेत, तेव्हा चौकशी अहवाल आत्ताच लिहून ठेवा. त्यांच्यासोबत माझ्या गोठ्यातल्या दगडांचंही नाव घाला, मी नाही म्हणणार नाही. पण आधी ती पोती काढा हो. चार माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी स्वतः काढायला गेलो तर 'शासकीय कामात अडथळा' म्हणून दम दिला.

काल रात्री नऊनंतर पाऊस लागला. टॉर्च घेऊन गेलो. लाल अक्षरांतले दिवे चालू होते, त्या बदामाचाही. त्याच उजेडात बाटली भरली. यावेळी गाळ बसायची वाट पाहावीच लागली नाही. पाणी चहासारखं होतं.