सर्व्हरची प्रायव्हेट की (गुप्त डिजिटल किल्ली) ग्रुपवर टाकू नका!

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांची सॉफ्टवेअरं बघून डोकं फिरतंय आता. सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल सर्टिफिकेट पाहिजे म्हटलं की ही मंडळी प्रायव्हेट कीची फाईलच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात! अरे, सीएला, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्याला, सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) द्यायचा असतोय की, त्यात पब्लिक की (जोडीची, उघड दाखवायची किल्ली) आणि नाव असतं, प्रायव्हेट की सर्व्हरच्या बाहेर जायचीच कशाला? आणि क्लायंटला (सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रोग्रामला) सर्टिफिकेटची एरर आली की कोडात व्हेरिफाय फॉल्स, म्हणजे तपासणीच बंद, झालं काम! मग मधे कोण बसलाय ते कळणार कसं? आपल्या सीएचं रूट (मूळ) सर्टिफिकेट क्लायंटच्या ट्रस्ट स्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासातल्या सीएंच्या यादीत, घाला की! सॅन (सर्टिफिकेटमधली सर्व्हरच्या नावांची यादी) तर कुणी भरतच नाही, क्रोमनं २०१७ पासून कॉमन नेम (नावाचा जुना रकाना) बघायचं सोडलंय तरी निपाणी असो नाहीतर खानापूर, सगळीकडं सर्टिफिकेट बनवायची तीच जुनी कमांड कॉपी-पेस्ट. मार्च २०२९ पासून पब्लिक सर्टिफिकेट (सगळे ब्राउझर मानतात ते) जास्तीत जास्त ४७ दिवसांचं मिळणार, तेव्हा काय करणार हो?