पीरभॉय साहेब आणि खिडकीची जागा

‘बाळाला उलटी होते हो’ एवढ्या एका वाक्यावर माझी खिडकी गेली. नेरळला, माथेरानची गाडी हलायच्याही आधी. बाळ चांगलं आठ वर्षांचं, हातात वेफर्सचं पाकीट. जुम्मापट्टी स्टेशन यायच्या आत ते चौकटीला डोकं टेकून झोपलं. उलटी नाही, काही नाही.

तसं या गाडीत खिडकीवरून भांडण्यात अर्थ नसतो. ती डोंगराला वळसे घालत चढते, त्यामुळे दरी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. जेमतेम 20 किलोमीटरला अडीच तासांहून जास्त लागतात, म्हणजे दरी सगळ्यांच्या वाट्याला येते. हे सगळं ठाऊक असूनही राग आलाच.

आणि बाळ झोपलं तरी बाळाचे आजोबा टक्क जागे होते.

“इंग्रजांनी बांधली ही,” हे काका अख्ख्या डब्याला म्हणाले.

न राहवून मी म्हटलं, “काका, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. 1904 ला काम काढलं, 1907 ला गाडी सुरू. पैसा वडिलांचा, सर आदमजींचा.”

“तेच म्हणतोय मी. पीरभॉय. नावातच बॉय आहे. साहेबच तो!”

“बोहरी होते हो. मुंबईचे.”

“ताई, ‘सर’ कोणाला म्हणतात? आमच्या बँकेत…”

बँक वॉटर पाइप स्टेशनपर्यंत पुरली. मधे एका वळणावर चाकं किंचाळली. काकांचं निदान तयार : “तेल घालत नाहीत.” आता रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. त्यात आसही वळणाबरोबर वळत नाहीत, मग चाकं रुळावर आडवी घसटतात आणि ओरडतात. तेल घातलं तर 20 फुटांना 1 फूट असल्या चढावर गाडी जागीच चाकं फिरवत बसेल. रूळही दोनच फुटांच्या अंतराने टाकलेत, वळणं आवळता यावीत म्हणून. जुन्या वाफेच्या इंजिनांना तर टोकाचे आस पोकळ नळीत बसवलेले, वळणाबरोबर चाकं थोडी वळावीत अशी सोय. जर्मन डोकं! काकांना हेही सांगितलं. काका म्हणाले, “मग तेल कुठून घालतात?”

बोगदा आला. या मार्गावर तो एकुलता एक, आणि नाव वन किस टनेल, लांबी तेवढीच. नातवाची झोप तपासून काका हळूच म्हणाले, “एक… पापी बोगदा.” पुण्य करणारा कुठला, हे विचारायचं राहिलं.

खरं दुखणं वेगळंच आहे. 2005 च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी परत यायला 2007 उजाडलं. 2016 ला डबे घसरले म्हणून बंद. 2019 ला पुन्हा पाऊस, आणि नेरळहून गाडी थेट वर गेली ती 2022 च्या ऑक्टोबरात. एरवीही पावसाळ्यात नेरळची गाडी बंद, फक्त वरच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल. जेव्हा ती धावते तेव्हा तरी माणसाने खिडकीबाहेर बघावं की नाही?

माथेरानला उतरताना बाळ जागं झालं. “आलं?” एवढंच विचारलं त्याने. काकांनी पिशव्या गोळा केल्या आणि मला म्हणाले, “ताई, परत जाताना आम्ही दस्तुरीहून टॅक्सीच करणार. ह्यात फार वेळ जातो.”