काकूंची पत्रं बंबात घालू नकोस

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात जोरात वाद झाला. आमच्यातल्याच एकाचे वडील, म्हणजे आम्हा सगळ्यांचे सर, दोन वर्षांपूर्वी गेले, आता त्यांचे विद्यार्थी त्यांच्यावर पुस्तक काढतायत आणि त्यासाठी कपाट आवरताना मित्राला काकूंनी माहेरून सरांना लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा सापडला. त्यात कौतुक नाहीये. एकटेपणा आहे, पैशांची ओढाताण आहे, गावाला वेळ देणाऱ्या माणसाला घरासाठी वेळ नव्हता हे आहे. ग्रुपचं मत पडलं की सरळ बंबात घाल, कोणाच्या हाती लागलं तर सरांच्या नावाला बट्टा. मी एकटीच नको म्हटलं, तर उत्तर आलं, तुझं ठीक आहे गं, तिकडे लंडनमध्ये चालतं असलं सगळं.

तिकडेही चालत नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

मी इथे क्लेअर टोमालिन या इंग्रज चरित्रकार बाईंची पुस्तकं वाचत आलेय. १९७४ मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टच्या चरित्रापासून सुरुवात, मग कॅथरिन मॅन्सफिल्ड, जेन ऑस्टिन, पीप्स, हार्डी, डिकन्स, सगळे इंग्रजीत लिहिणारे. पण मला सगळ्यात जवळचं आहे ते १९९० चं 'द इनव्हिजिबल वुमन', नेली टर्नन नावाच्या नटीवरचं. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तिला १८५७ मध्ये भेटला तेव्हा ती १८ वर्षांची, तो ४५ चा, घरी बायको आणि मोठा पोरवडा. पुढच्या वर्षी बायकोला वेगळं केलं आणि नेलीला तो मरेपर्यंत, म्हणजे १८७० पर्यंत, जगापासून लपवलं. १८६० मध्ये त्याने केंटमधल्या घरामागे वीस वर्षांची साठलेली पत्रं पेटवून दिली, पोरांनी त्या राखेत कांदे भाजून खाल्ले म्हणे. बंबच तो, फक्त अंगणातला. त्याने नेलीला लिहिलेलं किंवा नेलीने त्याला लिहिलेलं एकही पत्र आज शिल्लक नाही. त्याने तिच्यासाठी खोट्या नावाने घेतलेली घरं अभ्यासकांनी शोधली ती घरपट्टीच्या जुन्या वह्यांतून. आणि १९३० च्या दशकात हे प्रकरण पहिल्यांदा छापून आलं तेव्हा इथले डिकन्सभक्त आपल्यासारखेच खवळले होते. एवढ्या वर्षांत इंग्रज काही वेगळ्या मातीचे झाले नाहीत, कोणीतरी चिकाटीने आणि मायेने काम केलं, एवढंच. टोमालिनबाई डिकन्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत. त्या नेलीला उभं करतात, तिची आई, तिच्या बहिणी, नाटककंपनीतला फिरस्तीचा संसार, सगळं. २०११ मध्ये त्यांनीच डिकन्सचंही मोठं चरित्र लिहिलं, प्रेमाने लिहिलं. डिकन्स कमी वाचला जातो का आता? मला तर त्याची ऑक्टोबर १८५७ मधली ती चिठ्ठीही माहितीय ज्यात तो एका मैत्रिणीला लिहितो की मी हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर या वंशाचा नायनाट करायला झटलो असतो, वाचून अंगावर काटा येतो, पण ती चिठ्ठी जपली गेली, छापली गेली हे मला बरंच वाटतं.

आता सॅम्युअल पीप्स, सतराव्या शतकात लंडनमध्ये राहून डायरी लिहिणारा. माझं ऑफिस टॉवर हिलजवळ आहे, जेवणाच्या सुट्टीत कधीकधी हार्ट स्ट्रीटवरच्या सेंट ओलाव्ह चर्चमध्ये जाऊन बसते. तिथे भिंतीवर उंच एलिझाबेथ पीप्सचा अर्धपुतळा आहे, तोंड किंचित उघडं, कोणाशीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी. २९ व्या वर्षी गेली, पुतळा नवऱ्याने बसवला. याच नवऱ्याच्या डायरीत ९ जानेवारी १६६३ ची नोंद आहे. एलिझाबेथने आपल्या एकटेपणाबद्दल एक कागद लिहून ट्रंकेत ठेवला होता, तो तिने त्याला वाचून दाखवला. तो लिहितो की त्यातलं बरंचसं खरंच होतं. पण इंग्रजीत, म्हणजे कोणालाही वाचता येईल असं लिहिलेलं, उद्या कोणाच्या हाती लागलं तर? म्हणून त्याने तो हिसकावून फाडला, तिची बाकीची पत्रंही फाडली, त्यात त्यानेच तिला लिहिलेली प्रेमपत्रं होती. टोमालिन यांच्या २००२ च्या चरित्रात हा प्रसंग वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा माणूस आणि आमचा ग्रुप, दोघांचं वाक्य एकच. त्या बाईने काय लिहिलं होतं ते आता कोणालाच कळणार नाही, तिने काहीतरी लिहिलं होतं एवढं कळतं आणि तेही फाडणाऱ्याने नोंदवलं म्हणून.

आपल्याकडे सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीनच पत्रं हाती आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७. शेवटचं ओतूरहून, दुष्काळातलं. त्या तीन कागदांनी बाई आपल्याशी बोलते. ती कोणी बंबात घातली असती तर? आणि १९९० मध्येच, नेलीचं पुस्तक इथे आलं त्याच वर्षी, सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं. पुलंबद्दल असं लिहायला नको होतं म्हणणारे तेव्हा घरोघरी होते, आमच्या घरी बाबा म्हणायचे. आई गप्प असायची, पण पुस्तक तिच्या उशाशी असायचं. पुलंवरचं प्रेम बाबांचंही कमी झालं नाही आणि आईचंही नाही.

तर मित्रा, सरांच्या पुस्तकात काय घालायचं ते तू ठरव, नकोच वाटलं तर काहीच घालू नकोस, तुझे आईवडील आहेत. पण गठ्ठा जाळू नकोस. सुती कापडात गुंडाळ, कडुनिंबाचा सुकलेला पाला घाल, कोरड्या ठिकाणी ठेव. मी डिसेंबरात येतेय. काकूंचं अक्षर मला अजून आठवतं, आपल्या वह्यांना कव्हर घालून त्यावर नावं त्याच लिहायच्या.