गोळी किडनी खात नाही, आत्या

आत्याच्या देवघराखालच्या खणात मला मेटफॉर्मिनच्या, म्हणजे तिच्या शुगरच्या गोळीच्या, अकरा पट्ट्या सापडल्या. एकही फोडलेली नाही. उदबत्तीच्या पुड्यांखाली, रबर लावून नीट ठेवलेल्या. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तर जवळजवळ दोन महिन्यांचा साठा. घ्यायच्या नव्हत्या, पण पैसे देऊन आणलेल्या टाकवतही नव्हत्या. का बंद केल्यास म्हणून विचारलं, तर तिने काही न बोलता मोबाइल माझ्या हातात दिला.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल, म्हणून थोडक्यात सांगते. मधुमेह हा आजारच नाही. 1997 पर्यंत 200 साखर नॉर्मल होती, औषध कंपन्यांनी आकडा खाली ओढला आणि धडधाकट माणसं रोगी झाली. शुगरच्या गोळ्यांनी किडनी सडते, डायलिसिस सेंटर भरलीत ती त्यामुळेच. एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ही फसवी टेस्ट. इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी मधुमेह मुळापासून जातो हे सिद्ध केलंय, पण डॉक्टर लपवतात. इन्सुलिन लावलं की माणूस संपला. त्यापेक्षा कारलं-जांभूळ घ्या आणि साखरेऐवजी गूळ खा. शेवटी एका चूर्णासाठी मोबाइल नंबर, आणि ‘दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल’.

एरवी मी असलं काही डिलीट करून मोकळी होते. पण मी गेली नऊ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. हे आत्याला माहीत आहे, सगळ्या गावाला ती कौतुकाने सांगतेही. तरी ‘डायलिसिस सेंटर गोळ्यांनी भरलीत’ हे वाक्य तिने मला एका शब्दाने न विचारता खरं मानलं. म्हणून मेसेजचा क्रम गेला खड्ड्यात, सुरुवात किडनीपासूनच करते.

आमची पहिली पाळी सकाळी सहाला लागते. आधी वजन. मागच्या वेळेपासून अंगात किती पाणी साठलं ते काट्यावर कळतं. मग फिश्चुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून दिलेल्या रक्तवाहिनीवर, हात ठेवून थरथर लागते का बघायचं, मग दोन सुया, मग चार तास. चार तासांत माणूस खूप बोलतो. सध्या पहिल्या पाळीला सहा जण आहेत, त्यातल्या चौघांना जुनी शुगर. गोळ्या नियमित होत्या का, हे मी प्रत्येकाला कधी ना कधी विचारलेलं आहे. ‘मधे मधे घ्यायचो.’ ‘काही त्रासच नव्हता, मग कशाला?’ ‘बीपीची घेत होतो, शुगरची नाही.’ एक आजोबा तर म्हणाले, ‘शेतात काम करणाऱ्याला कसली आलीय शुगर!’ गोळ्या वेळेवर खाऊन खाऊन इथवर आलो, असं सांगणारा अजून भेटायचाय.

आता कुणी म्हणेल, सहा खाटांवरून काय ठरतं? बरोबर आहे, काहीच ठरत नाही. म्हणून पाच हजारांचा हिशेब घ्या. ब्रिटनमध्ये 23 केंद्रांवर 1977 ते 1991 या काळात मधुमेह नुकताच निघालेले 5102 जण एका अभ्यासात घेतले. यूकेपीडीएस म्हणतात त्याला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना मुख्यतः पथ्यावर ठेवलं, काहींची साखर गोळ्या किंवा इन्सुलिन देऊन नेटाने खाली ठेवली, जाड असलेल्यांपैकी काहींना मेटफॉर्मिन दिलं. 1998 मध्ये निकाल आला. गोळ्या-इन्सुलिनच्या गटाचं एचबीए1सी सरासरी 7, दुसऱ्यांचं 7.9. फरक एका टक्क्याचाही नाही. पण डोळा आणि किडनी धरून बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 25 टक्क्यांनी कमी. गोळी किडनी सडवत असती तर आकडा उलटा यायला हवा होता.

ही माणसं पुढेही सोडली नाहीत. चाचणी संपल्यावर वर्षभरात दोन्ही बाजूंची साखर जवळपास सारखी झाली, तरी आधी मिळालेला फायदा टिकून राहिला. चाचणीनंतर 24 वर्षांपर्यंतचा हिशेब 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सुरुवातीला मेटफॉर्मिन मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण 20 टक्क्यांनी आणि हार्ट अटॅकचं 31 टक्क्यांनी कमी. चाळीस वर्षं एखाद्या गोळीचा असा पिच्छा पुरवलेला असताना ती विष आहे हे शोधून काढायला चूर्णवाल्याची वाट बघावी लागते म्हणजे कमाल आहे.

मग लोकांना असं वाटतं तरी का? त्याचं उत्तर मला रोज दिसतं. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते रक्तात साचू शकतं. म्हणून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, 45 च्या खाली गेला की डॉक्टर डोस कमी करतात आणि 30 च्या खाली गोळी बंद करतात. घरच्यांना दिसतं ते एवढंच की किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी घाईने तीच गोळी थांबवली. म्हणजे हिनेच केलं! आग लागली, बंब आला, आणि लोक सांगत सुटले की बंबानेच घर जाळलं.

आग मात्र खूप आधी लागलेली असते. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्यावर दाब येतो, त्या झिजतात आणि लघवीतून प्रथिन गळायला लागतं. काहींना लघवीला फेस दिसतो, पुष्कळांना तोही नाही. दुखत काहीच नाही. रक्तातल्या क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीने बाहेर टाकायच्या कचऱ्याच्या आकड्याचा, भरवसा धरू नका, किडनीचं निम्मं काम जाईपर्यंत तो बिचारा नॉर्मल दिसू शकतो. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोची, म्हणजे गळणाऱ्या प्रथिनाची, तपासणी आधी सांगते. काही शे रुपयांत होते. आत्याची शेवटची कधी झाली होती? कधीच नाही.

आता मान्य करायचं ते करते, जिवावर आलं तरी. गोळ्यांनी किडनी जाते हे वाक्य एका अर्थी खरं आहे, फक्त गोळी दुसरी. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या पेनकिलर, महिनोन्महिने. त्या किडनीला खरोखर त्रास देतात. आत्याच्या त्याच खणात त्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. ती बाई मेटफॉर्मिन लपवत होती आणि पेनकिलर गिळत होती. दुसरं, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं तर बी12 कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासावं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. असतं तर मी निदान तेवढ्यापुरतं बरं म्हटलं असतं.

1997 ची गोष्ट. यातही अर्धं खरं आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने त्या वर्षी उपाशीपोटीच्या साखरेची रेषा 140 वरून 126 वर आणली. त्यामुळे एका रात्रीत बऱ्याच जणांवर शिक्का बसला आणि कंपन्यांना काही दुःख झालं नसणार. पण मेसेजमधला 200 हा आकडा उपाशीपोटीचा कधीच नव्हता. तो ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर दोन तासांनी मोजलेल्या साखरेचा आहे, आणि तो तेव्हा होता तिथेच आजही आहे. रेषा खाली का आणली? उपाशीपोटी 140 ची वाट बघत बसलं तर दोन तासांनंतर 200 ओलांडणारे कितीतरी लोक सुटत होते. शिवाय डोळ्याच्या पडद्यावरचे बिघाड कुठल्या आकड्यापासून वाढतात ते हजारो लोकांचे डोळे तपासून पाहिलं होतं. अन् नुसत्या आकड्याने रोगी तयार होत असतील तर मला हे सांगा: आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत तीच मोजपट्टी देशभर लावली, तर गोव्यात मधुमेही 26.4 टक्के आणि उत्तर प्रदेशात 4.8. कंपन्यांची जादू उत्तर प्रदेशात चालत नाही का?

इंग्लंडच्या शास्त्रज्ञांचा मुद्दा मात्र मी सविस्तर घेणार आहे, कारण आत्या नेमकी त्यावर भाळली. असा अभ्यास खरंच आहे. डायरेक्ट त्याचं नाव, स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागातला, निकाल 2017 च्या डिसेंबरातले. 149 जणांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 825 ते 853 कॅलरींच्या सूप-शेकवर ठेवलं. पोळी-भात काही नाही. वर्षाअखेर त्यातल्या 46 टक्क्यांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. नेहमीचे उपचार चालू असलेल्यांत 4 टक्के. ज्यांचं वजन 15 किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर 86 टक्के. हे मोठंच काम आहे आणि डॉक्टरांनी ते लपवलेलं नाही, त्यांनीच केलंय.

पण पुढचं वाचायचं नाही का? दोन वर्षांनी 46 चे 36 टक्के झाले. वजन परत चढलं की साखरही परत. म्हणून त्याला ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, रेमिशन म्हणतात, आणि तपासण्या चालूच ठेवतात. शिवाय अभ्यासात घेतले कोण? मधुमेह निघून सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन नसलेले, अंगाने जाड. आत्याला शुगर होऊन चौदा वर्षं झाली आणि तिचं वजन 49 किलो आहे. तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. आणि त्यातल्या लोकांच्या गोळ्या बंद केल्या त्या देखरेखीखाली, आहार बदलून. खणात लपवून आणि दुपारी पुरणपोळी खाऊन नव्हे.

इन्सुलिनबद्दल थोडंच सांगते, पण इथे माझा आवाज चढतो. मेसेज लिहिणाऱ्याने टाइप 1 (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) आणि टाइप 2 (होतं, पण पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही) असा भेदच केलेला नाही. टाइप 1 च्या मुलाच्या आईने हे वाचून इन्सुलिन थांबवलं तर ते लेकरू काही दिवसांत कीटोअॅसिडोसिसने, म्हणजे रक्तात आम्ल साचून, आयसीयूत जाईल, तेही नशिबात असेल तर. इन्सुलिन नव्हतं तेव्हा अशी मुलं उपासमारीच्या आहारावर थोडी लांबवली जायची, वाचवली जायची नाहीत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं तिथपासून हे बदललं. टाइप 2 वाल्यांना इन्सुलिन उशिरा, सगळं बिघडल्यावर लागतं, म्हणून ‘लावलं आणि संपला’ असं दिसतं. पुन्हा तोच बंब.

एचबीए1सी फसवी? फसवी नाही, पण तिलाही मर्यादा आहेत. लोह कमी असलं तर ती खोटी वर जाऊ शकते, सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असेल तर चुकीची येऊ शकते. नंदुरबार-गडचिरोलीकडे हा आजार जास्त, म्हणून तिथल्या डॉक्टरांना हे ध्यानात ठेवावंच लागतं. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघायची. टेस्टच फेकून द्यायची नाही.

कारलं खा, भाजी चांगली असते. औषध म्हणून त्याचा ठाम पुरावा नाही. आणि गूळ! कराडच्या माणसाला हे सांगणं पाप आहे, पण गुळात बहुतेक साखरच असते. रंग बदलला म्हणून स्वादुपिंड फसत नाही.

राहता राहिला तो नंबर. मी फोन लावला. किडनीचा पेशंट आहे, ईजीएफआर 28 आहे, चालेल का, असं खोटंच विचारलं. समोरच्या पोराने क्षणभरही न थांबता सांगितलं, ‘मग ताई, डबल कोर्स लागेल. दोनवर एक फ्री आहे.’ चूर्णात काय आहे विचारल्यावर म्हणाला, ‘सगळं नैसर्गिक.’ पारा आणि शिसंही नैसर्गिकच असतं, हे मी त्याला सांगितलं तेव्हा फोन ठेवला त्याने.

आत्याच्या तपासण्या केल्या. एचबीए1सी दिवाळीत 7.2 होतं, आता 9.6. ईजीएफआर 58. लघवीतला रेशो 30 च्या आत हवा, तो 140 आला. म्हणजे गळती आहे, पण अजून हातात आहे. डॉक्टरांनी पेनकिलर बंद केली, मेटफॉर्मिन पुन्हा चालू केलं आणि सोबत डापाग्लिफ्लोझिन लिहून दिलं. ही साखरेसाठी निघालेली गोळी. 2020 मध्ये 4304 किडनीच्या रुग्णांवर तपासली तेव्हा किडनी ढासळण्याचा किंवा किडनी अथवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका 39 टक्क्यांनी कमी दिसला, मधुमेह नसलेल्यांतसुद्धा. त्याच वर्षी भारतात तिचं मूळ पेटंट संपलं, त्यामुळे आता परवडते. लघवीच्या जागेला खाज-जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि उलट्या होत असतील किंवा कडक उपास असेल त्या दिवशी घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आत्याच्या एकादश्या त्यांना माहीत आहेत.

घरी आल्यावर तिने नवी पट्टी उलटीपालटी करून बघितली.

‘ही कशाची?’

‘किडनीची.’

‘किडनीसाठी शुगरची गोळी?’

‘हो.’

‘उद्यापासून घेते. आज गुरुवार आहे.’

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि ती गिळेपर्यंत तिथेच बसून राहिले.