ग्रीस नाही, तेल

कोथरूडची आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला चालली आहे, म्हणून दादाने माळा उपसायला घेतलाय. मंगळवारी सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आला. बाबांच्या हेरल्ड गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल, म्हणजे दुरुस्तीचं पुस्तक. खाली ओळ: ‘रद्दीत देतोय. पीडीएफ नेटवर फुकट आहे. आणि पुस्तक वाचून गाडी दुरुस्त होत नसते, त्याला हात लागतो.’ त्यावर पाच अंगठे. एक भाच्याचा, ज्याने जन्मात पाना धरलेला नाही.

मी इकडे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, कचऱ्याची निळ्या झाकणाची बिन बाहेर काढत होतो. तसाच घरासमोरच्या ड्राइव्हवर उभा राहून टाइप करत बसलो.

हात लागतो म्हणे! हातानेच तर घात केला होता. हेरल्डच्या पुढच्या चाकांपाशी खाली ट्रनियन नावाचा पितळी ठोकळा असतो. उभ्या दांड्याचे आटे त्यात बसतात आणि स्टिअरिंगबरोबर चाक त्यावर वळतं. तिथे नव्वद नंबरचं ऑइल भरायचं असतं. आमचा तेव्हाचा मेकॅनिक, ज्याच्या हाताला यश आहे असं सगळी पेठ म्हणायची, दर सर्व्हिसिंगला तिथे ग्रीस मारायचा. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो. नळ स्टॉपला वळताना डावं चाक आडवं पडलं. आई पुढे बसली होती. त्यानंतर बाबांनी कित्येक रविवार जुन्या बाजारात घालवून हे मॅन्युअल मिळवलं आणि त्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, ‘ग्रीस नाही. तेल.’ पीडीएफमध्ये ही ओळ दाखव, दादा.

बरं, पीडीएफ मीही पाहिलीये. वायरिंगचा घडीचा नकाशा कुणीतरी घडीसकट स्कॅन केलाय, त्यामुळे अर्ध्या वायरी मध्येच संपतात. ब्रिटिश गाड्यांच्या नकाशात ब्राउन वायरीला एन हे अक्षर असतं, कारण बी काळ्याने आधीच पटकावलेलं, निळ्याला यू. स्कॅनमध्ये एन काय आणि यू काय, दोन्ही डागच. ब्राउन म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, चावी बंद असली तरी जिवंत. ती चुकली की धूर.

इथे ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी नाही, टॅक्स नाही. आपल्याकडे २०२१ मध्ये कुठे ५० वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी सुरू झाली, आणि तीही गाडी मूळ रूपात असेल तर. मूळ रूप कोणतं, हे मेकॅनिकच्या आठवणीला विचारणार का? एक कबूल करतो: आमची चार दारांची हेरल्ड मद्रासला बनलेली. हेरल्ड मुळात ट्रायम्फ कंपनीची, पण त्यांच्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्याने तशी कधी काढलीच नाही, त्यामुळे मागच्या दारांबद्दल पुस्तकात अक्षर नाही. पण दारांनी कुणाचा जीव जात नाही.

इथे असं काही कुणी फेकत नाही, हेही मी ठणकावून लिहिलं. ते तितकंसं खरं नाही. ऑटोजंबलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या जुन्या सामानाच्या बाजारात, टेबलांवर मॅन्युअलांचे ढीग असतात, आणि ते येतात मेलेल्यांच्या शेडमधून. मी एक घेतलंय, आठ पौंडांना. पहिल्या पानावर कुणा परक्याचं शाईतलं नाव, ट्रनियनच्या पानावर काळा अंगठा. त्याच्याही मुलाने माळा उपसला असणार.

ते मी एकदाही वापरलेलं नाही. माझी गाडी इलेक्ट्रिक, लीजवरची. बॉनेट उघडतो ते काचेचं पाणी भरायला. इथल्या कॅन्ली भागातला ट्रायम्फचा कारखाना कधीच गेला, तिथे आता हेरल्ड अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. मी रोज त्यावरून जातो. ऑफिसात कुणाला त्या नावाचं काही नाही. मला मात्र उगाच वाटतं, आपण बाबांच्या गाडीच्या माहेरी राहतो, म्हणजे तसे फार लांब आलेलो नाही.

हे सगळं, माहेर वगळून, ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर लगेच आलं.

‘दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात बॅग तेवीस किलोच्या वर गेली, तेव्हा तूच बाबांचं हे मॅन्युअल काढून बाकरवडी भरलीस. मी दारातच होतो.’

त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही. बिनही त्या दिवशी न्यायची राहिली.