पिढीजात फाइल कशी सांभाळावी

इमारतींचे नकाशे संगणकावर काढायचं ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं. तुमच्या ऑफिसातली ती सोसायटीची फाइल त्यामानाने तरुण, पण उघडताना कण्हते अशी, की जणू तिनेच ऑटोकॅडला कडेवर खेळवलंय. नवी पोरं येतात आणि पहिल्याच आठवड्यात "सर, ही साफ करूया का?" म्हणतात. त्यांच्यापासून तिला जपायचं कसं, ते सांगतो.

पहिलं पथ्य म्हणजे नवं काम कोऱ्या फाइलवर सुरू करायचं नाही. कोथरूडच्या बंगल्याची फाइल उघडायची, 'सेव्ह अ‍ॅज' करायची, रेघा पुसायच्या आणि तिथेच कर्वेनगरची इमारत उभी करायची. पुसलं ते फक्त डोळ्यांआड होतं. ब्लॉकच्या (म्हणजे तयार आकृत्यांच्या) व्याख्या, लेअर (थर), लाइनटाइप (रेघांचे प्रकार), डायमेन्शन स्टाइल (मापं लिहायच्या तऱ्हा) हा ऐवज माळ्यावर सुखरूप राहतो. पर्ज केलं, म्हणजे वापरात नसलेलं झाडून टाकलं, तर तो जाईल, म्हणून करायचं नाही. कुणी केलंच, तरी रेगअ‍ॅप्स वाचतात. निरनिराळ्या सॉफ्टवेअरनी फाइलवर मारून ठेवलेले हे शिक्के पर्जच्या खिडकीत दिसत नाहीत. ते काढायला कमांडच्या आधी एक आडवी रेघ टाइप करावी लागते. ती रेघ ऑफिसात एकालाच ठाऊक होती, आणि तो दिवाळीनंतर बाणेरला गेला.

कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमधून एक कॉलम हवा असेल, तर खुशाल कॉपी-पेस्ट करा. ते ड्रॉइंग कधीकाळी मायक्रोस्टेशन या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमधून आलेलं असलं, तर दुधात साखर. त्या सॉफ्टवेअरच्या डीजीएन फाइलींतल्या लाइनटाइपची हजारो पिल्लं कॉलमचं बोट धरून येतात, आणि दोन रेघांची फाइल काही एमबींची होते. जुन्या आवृत्त्यांतल्या पर्जला तर ही पिल्लं दिसायचीच नाहीत.

सर्व्हेअरचा नकाशा आला, की जिथे आहे तिथेच ठेवा. यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबात पुणे ४३व्या पट्ट्यात येतं, विषुववृत्तापासून २० लाख मीटरच्या वर उत्तरेला. मिलिमीटरात काम करत असाल, तर हा आकडा २०० कोटींच्या पुढे जातो. शून्य-शून्यवर, म्हणजे ड्रॉइंगच्या मूळ बिंदूवर, एखादा उत्तरदिशेचा बाण विसरून या. मग सगळं ड्रॉइंग पडद्यात बसवणारं 'झूम एक्स्टेंट्स' केलं की पडद्यावर दोन ठिपके दिसतील. त्यातली सोसायटी कोणती, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

आता खरी कलाकुसर. एक्सरेफची, म्हणजे ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या फाइलींची, वाट अशा सर्व्हरची ठेवा, जो ऑफिस पेठेतून हलवताना भंगारात गेला. फाइल उघडली की कॅड बिचारं त्या सर्व्हरचं दार वाजवतं, उत्तराची वाट बघतं, नाद सोडतं आणि पुढच्या एक्सरेफसाठी त्याच दारावर पुन्हा जाऊन उभं राहतं. दुपारी १ ते ४ दुकानाची कडी वाजवणाऱ्या परगावच्या पाहुण्याची आठवण येते मला. पेज सेटअपमध्ये जुन्या प्लॉटरचं (मोठे नकाशे छापणाऱ्या यंत्राचं) नावही तसंच राहू द्या; तोही भंगारात असला, तरी नेटवर्कवर त्याचा शोध होतो. नेमका हाच वेळ लोक 'फाइल जड आहे' म्हणून मोजतात. फाइल जड नसते हो, ती मेलेल्यांची विचारपूस करत असते.

हे सगळं जमलं आणि वर पैसे उरले, तर १६ कोअरचा संगणक घ्या. ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. रस्ता खणायला आलेल्या टोळीसारखं, एक खणतो आणि पंधरा जण खड्ड्यात डोकावतात. मालकांना मात्र बिल बघून काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि ते मिळू द्यावं.

मग कधीतरी सोसायटीचे सेक्रेटरी फोन करतील. "दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाची खिडकी केवढी हो?" त्यांना थांबायला सांगा. फाइल उघडायला टाका, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जा, दोन कटिंग घ्या, परत या. आता उघडली असेल. झूम करत संडासापर्यंत पोचा. खिडकीचा लेअर फ्रीझ केलेला, म्हणजे लपवलेला, असेल. तो थॉ करायला गेलात, की वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येईल.

शांतपणे फोन उचला आणि म्हणा, "काका, तुम्ही तिथेच राहता ना? मग टेप लावून बघा की!"