"स्वतःकडे दुर्लक्ष करून…"

शोकसभेत कुणी "स्वतःकडे दुर्लक्ष करून ती इतरांसाठी झिजली" असं म्हणालं की मला बसवत नाही. आमच्या संस्थेत हे वाक्य मी दोनदा ऐकलं. गेलेल्या दोघीही चाळिशीच्या आतल्या.

पहिली ३८ वर्षांची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. आणि वर्षानुवर्षं बायकांना याच तपासणीला घेऊन जाणारी तीच होती! कुणी लाजली, घाबरली तर पडद्यापर्यंत हात धरून जायची. "मी इथेच आहे, हाक मार." एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गापासून हा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा १५ ते २० वर्षं लागतात, मधल्या काळात बदललेल्या पेशी सापडल्या तर पुढचं सगळं टळू शकतं, हे ती इतकं सोपं करून सांगायची की ऐकणारी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन यायची. ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा तपासणी व्हावी, हे जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट तिनेच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं होतं.

तिची स्वतःची तपासणी मात्र एकदाही झाली नव्हती. अंगावरून जायला लागल्यावरसुद्धा "एवढा आठवडा जाऊ दे" चाललं होतं. आणि आम्ही तो जाऊ दिला. तिच्यावाचून आमचं अडत होतं ना! त्या दुर्लक्षात आमचाही वाटा आहे. त्याला त्याग म्हटलं की आम्ही सुटतो. मला सुटायचं नाही.

दरवर्षी २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी दिनी, आम्ही डोमिनिकन रिपब्लिकमधल्या, तिथल्या हुकूमशाहीविरुद्ध लढलेल्या मिराबाल बहिणींची गोष्ट सांगतो. १९६० साली याच दिवशी हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी तिघींना मारलं. पात्रिया ३६ वर्षांची, मिनेर्वा ३४, मारिया तेरेसा २५. हल्ली मला चौथी बहीण जास्त आठवते. देदे. ती मागे राहिली, बहिणींची मुलं वाढवली, त्यांच्या वस्तू जपून संग्रहालय उभं केलं, आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत त्यांच्याबद्दल बोलत राहिली. मागे राहिलेल्यांनाही केवढं काम असतं.

आमच्याकडे आता प्रत्येक कार्यकर्तीच्या तपासणीची तारीख आधी लागते, मग कामाची पाळी. रजा मागावी लागत नाही, लावली जाते. हे फार उशिरा सुचलं.

दुसरी २६ वर्षांची, रस्ता अपघातात गेली. रात्रीच्या हेल्पलाइनवर असायची. भांडखोर होती, मीटिंगमध्ये माझं बोलणं अर्ध्यात तोडायची आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. तिला देवी करू नका, कृपा करून. तिच्या नोंदवहीच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असे: "मुलीची परीक्षा आहे, आधी तिची चौकशी करा." फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "आत्ता तुमच्याजवळ कुणी आहे का?" नवरा शेजारीच उभा असेल तर बाईला नुसतं हो-नाही म्हणता यावं म्हणून.

ती गेल्यावर महिनाभराने एका बाईंचा फोन आला. "ती रात्रीची ताई आहे का?" मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मलाही बोलता येईना. मग त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "आत्ता तुमच्याजवळ कुणी आहे का?"